चार बाटल्या, चार लॉट आणि एकच नाव

पत्र थोडक्यात असं: वाचक टेक्सासमध्ये राहतात. .३०८ विंचेस्टर कॅलिबरच्या रायफलीने रेंजवर नेमबाजी करतात आणि काडतुसं घरीच, गॅरेजमधल्या टेबलावर भरतात. गेली सहा वर्षं एकाच कंपनीची, एकाच नावाची पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, वापरतात. दर वेळी एक पाउंडाची बाटली आणायची आणि तळाशी थोडी उरली की नवी उघडायची, असं करत चार बाटल्या साठल्या. चारही वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांच्या. वजन केलं तर साडेतीन, पाच, दोन आणि चार औंस. शिवाय रेंजवरच्या एका वयस्कर मित्राने घर आवरताना दिलेली एक बरणी आहे. तिच्यावरचं लेबल पुसून गेलंय. रेंजवरची मंडळी म्हणतात, नाव एकच ना, मग सगळं एका बाटलीत ओता आणि चांगलं हलवून घ्या, फरक सरासरीत मिटून जातो. पत्नीचं म्हणणं, हा सगळा पसारा गॅरेजबाहेर काढा. त्यात गेल्याच महिन्यात हॉपरमध्ये (पावडर मोजून सोडणाऱ्या यंत्राच्या वरच्या भांड्यात) एका लॉटची थोडी शिल्लक असताना त्यावर दुसऱ्या लॉटची ओतली गेली आणि तशीच पन्नास काडतुसं भरून झाली. आता उरलेल्या पावडरीचं काय करायचं, आणि त्या पन्नासांचं काय?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं पावडरचं नाव आणि गोळीचं वजन इथे मुद्दाम गाळलं आहे. सल्ल्याच्या सदरातून कुणी मात्रा, म्हणजे एका काडतुसात किती पावडर घालायची तो आकडा, उचलू नये. ती पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच घ्यावी. तुम्ही लिहिलेला ४२ ग्रेनचा आकडा तेवढा हिशेबापुरता वापरू.

तर आधी हिशेबच. एक पाउंड म्हणजे ७,००० ग्रेन, एक औंस म्हणजे ४३७.५ ग्रेन. तुमच्याकडे एकूण साडेचौदा औंस, म्हणजे ६,३४३ ग्रेनच्या थोडं वर. सगळं एकत्र करून ४२ ग्रेनने भागलं तर १५१ काडतुसं होतात. आता न मिसळता एकेक बाटली घ्या: साडेतीन औंसांत ३६, पाचांत ५२, दोनांत २० आणि चारांत ४१. बेरीज १४९. मिसळून मिळणार दोन काडतुसं जास्त, बस. आजच्या भावाने पावडर पाउंडाला पन्नासेक डॉलर धरली तर त्या दोघांतल्या पावडरची किंमत डॉलरभरसुद्धा होत नाही.

पण मिश्रणाचा खरा खर्च या भागाकारात दिसत नाही. तुमच्याजवळच्या चारही लॉटची तुम्हाला ओळख आहे. प्रत्येक बाटलीतली अकरा ते चौदा औंस पावडर तुम्ही आधीच वापरलीत. कोणत्या मात्रेला किती वेग आला, लक्ष्यावर गोळ्यांचा गट किती इंचांचा पडला, हे वहीत असेल (नसेल तर आजपासून लिहा). ती माहिती त्या त्या लॉटची आहे. चारही एकत्र ओतले की ओळखीच्या चार लॉटऐवजी एक अनोळखी लॉट हातात येतो, आणि त्याची मात्रा पहिल्यापासून ठरवावी लागते. त्यात वीस-पंचवीस काडतुसं सहज जातात. दोन मिळवायची म्हणून पंचवीस घालवायची, असा हा व्यवहार होतो.

तुमच्या पत्राचा डोलारा दोन समजुतींवर उभा आहे. नाव एक म्हणजे वस्तू एक, ही पहिली. दुसरी, हलवलं की सरासरी निघते. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत.

पहिली घेऊ. धूरविरहित पावडरचा पाया नायट्रोसेल्युलोज. काही पावडरींत त्यासोबत नायट्रोग्लिसरीनही असतं. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रेशन करायचं, द्रावकात मळून कणीक करायची, साच्यातून शेव पाडतात तशी दाबून काढायची आणि बारीक तुकडे कापायचे. मग त्या दाण्यांवर ज्वलन सुरुवातीला रोखून धरणारा लेप द्यायचा, ग्रॅफाइट चढवायचं आणि वाळवायचं. यात नायट्रोजनचं प्रमाण, लेप किती आत मुरला, ओल किती उरली, यांतलं काहीही किंचित इकडेतिकडे झालं की जळण्याचा वेग बदलतो. म्हणून कारखाना प्रत्येक बॅच तपासतो आणि घरी काडतुसं भरणाऱ्या रीलोडरसाठी बाटलीत भरायची पावडर ठरलेल्या नमुन्याच्या जवळ आणतो. जवळ आणतो, पण तंतोतंत तीच करत नाही. काडतुसांच्या कारखान्यांना जी घाऊक पावडर जाते तिच्यात तर लॉटागणिक आणखी फरक असतो. तो कारखाना आपल्या दाबमापकावर दर लॉटची मात्रा नव्याने ठरवतो. लष्करी काडतुसं उकलून काढलेली पावडर स्वस्तात मिळते तीही याच जातीची. तिला बाटलीबंद पावडरचे तक्ते आंधळेपणाने लावू नयेत.

इथे कुणीही विचारेल, आणि विचारावंच: कारखाना स्वतः बॅच मिसळून पावडर नमुन्याजवळ आणतो, मग आपण का मिसळायची नाही? कारण मिसळल्यावर कारखाना ती पुन्हा तपासतो. त्याच्याकडे दाब मोजणाऱ्या नळ्या असतात आणि पसंत न पडलेली बॅच बाजूला काढायची सोय असते. आपल्याकडे असतो तो क्रोनोग्राफ. तो गोळीचा वेग दाखवतो. दाब दाखवत नाही.

वेग तोच आला म्हणजे दाबही तसाच असेल, असं नाही. याचं जुनं आणि बरंच महागात पडलेलं उदाहरण एम-१६ रायफलीचं. १९६४ मध्ये अमेरिकी सैन्याने तिच्या काडतुसांतली आयएमआर ४४७५ ही पावडर सोडून डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्यांची पावडर मंजूर केली. ठरलेला वेग मिळत होता. पण नळीच्या पुढच्या भागात, जिथून वायू यंत्रणेकडे वळतो तिथे, दाब जास्त पडू लागला, रायफलीची गोळीबाराची गती वाढली, आणि पावडरीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या नळीत साचू लागला. रायफल अडकण्याची कारणं इतरही होती, चेंबरला (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला) क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचं सामान पुरेसं पोचलं नव्हतं. तरी १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली तेव्हा पावडरचा बदल हा मुख्य मुद्द्यांपैकी एक होता. ते दोन पूर्ण वेगळ्या पावडरींचं प्रकरण होतं, तुमच्यासारखं दोन लॉटचं नव्हे. वेगाच्या एका आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, एवढ्यापुरतंच ते इथे घ्या.

आता नावाबद्दल, कारण मिसळामिसळीतले मोठे घोटाळे लॉटमुळे कमी आणि नावामुळे जास्त होतात. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत. ४८३१ चंही तसंच. आयएमआर हा छाप २००३ मध्ये हॉजडन या पावडर कंपनीने घेतला (एच म्हणजे तीच), त्यामुळे आता दोन्ही बाटल्यांवर एकाच घराचं नाव दिसतं आणि गोंधळ वाढतो. उलट विंचेस्टर २३१ आणि एचपी-३८ ही एकच पावडर. विंचेस्टर २९६ आणि एच ११० हीसुद्धा. म्हणजे आकडा सारखा असून वस्तू वेगळी असू शकते आणि आकडा वेगळा असून वस्तू एक. एकच असलेल्या या जोड्याही वेगवेगळे लॉट धरूनच वापराव्यात. आणि एक, ज्वलनवेगाचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात ना, ते फक्त क्रम सांगतात. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन पावडरी एकमेकींच्या किती जवळ आहेत हे त्यातून कळत नाही. ‘शेजारचीच आहे, चालेल’ म्हणून ओतू नका.

दुसरी समजूत सरासरीची. समजा, एक लॉट थोडा जलद आणि दुसरा थोडा संथ आहे, दोन्ही भरपूर आहेत आणि मिश्रण खरंच एकजीव झालं. मग मधला वेग मिळेल, यात वाद नाही. पण दोन औंस, पाच औंस असं विषम प्रमाण, अरुंद तोंडाची बाटली आणि वरून चार झटके, याने एकजीव होत नाही. बाटलीत थर राहतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ते एका भांड्यात शिजलेल्या भातापुरतं. वरच्या थरातून भरलेली दहा काडतुसं क्रोनोग्राफवर छान दिसली तर ती वरच्या थराबद्दल सांगतात. तळाच्या दहांबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

आणि एक गोष्ट सरासरीत कधीच येत नाही, ती म्हणजे खराबी. लोणच्याची नवी बरणी भरताना जुन्या बरणीतल्या तळाच्या फोडी कोणी तिच्यात टाकत नाही. बुरसा जुन्यात असतो, नासतं नवं. पावडरीत डायफिनिलअमाइनसारखं स्थिरक असतं. पावडर संथपणे विघटित होत असते तेव्हा निघणारे आम्लधर्मी वायू ते शोषून घेतं. स्थिरक संपलं की विघटन वेग घेतं, पावडर आतून तापते आणि क्वचित आपोआप पेटूही शकते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारं टेक्सासचं गॅरेज म्हणजे स्थिरक लवकर संपवण्याची हुकमी जागा. शिवाय अर्धी रिकामी, पुनःपुन्हा उघडलेली बाटली कोरडी पडते, आणि कोरडी पावडर जास्त जलद जळते. म्हणजे तुमची सहा वर्षांपूर्वीची दोन औंसवाली बाटली आज वहीतल्या नोंदीसारखी वागेलच असं धरता येणार नाही. ती तपासायची आहे, दुसरीत ओतायची नाही.

तपासणी अशी करा. झाकण उघडा. चांगल्या पावडरला ईथर किंवा स्पिरिटसारखा हलका वास येतो. आंबट, नाकात जाणारा तिखट वास आला, बाटलीत तांबूस धूर दिसला, दाण्यांवर गंजासारखी तांबडी पूड दिसली किंवा झाकणाचा धातू आतून गंजला असेल, तर ती पावडर संपली असं समजा. ती घरातून बाहेर, सावलीत, इतर पावडरींपासून दूर ठेवा आणि स्थानिक अग्निशमन दलाला फोन करून विचारा. पांढऱ्या कागदावर चमचाभर पसरून पाहा: दाणे सुटे, एकाच आकाराचे आणि एकाच छटेचे हवेत. हे सगळं पार पडलं तरी पावडर उत्तम ठरते असं नाही. उघड बिघडलेली तेवढी यातून बाजूला निघते.

मग चांगल्या निघालेल्या बाटल्या कशा संपवायच्या? लहानापासून सुरुवात करा. दोन औंसांच्या लॉटवर नव्याने मात्रा ठरवायला बसलात तर त्यातच ती वीस काडतुसं संपतील. ती कंपनीच्या तक्त्यातल्या सुरुवातीच्या मात्रेवर भरा आणि सरावाला ठेवा: नळी साफ केल्यावरचे पहिले बार, शंभर यार्डांवर बसण्याची पद्धत सुधारणं, ट्रिगरचा सराव. तिथे सेकंदाला तीसचाळीस फुटांचा फरक पडला तरी काही बिघडत नाही. साडेतीन आणि चार औंसांचे लॉटही तसेच, एकेक करून. पाच औंसांच्या बाटलीतली ५२ काडतुसं मात्र एखाद्या छोट्या स्पर्धेला पुरतील. ती तुमच्या वहीतल्या मात्रेवर भरा, पण आधी पाच-सहा उडवून जुन्या नोंदीशी वेग ताडून पाहा. वेग नोंदीपेक्षा स्पष्ट जास्त आला तर पावडर कोरडी पडली आहे. मात्रा कमी करून पुन्हा पाहा. मात्रा तराजूवर तोला. घनफळावर पावडर सोडणारं यंत्र एका लॉटवर लावून ठेवलं असेल तर दुसऱ्या लॉटला त्याच खुणेवर वजन वेगळं पडू शकतं, कारण दाण्यांची घनता बदलते.

यापुढे नवा लॉट आणाल तेव्हाची पद्धत इतर वाचकांनीही टिपून ठेवावी. जुन्या लॉटची निदान दहा काडतुसं तुलनेसाठी राखून ठेवायची. नव्या लॉटची मात्रा तक्त्यातल्या सुरुवातीपासून चढवत न्यायची. पुष्कळ पुस्तकांत ती कमाल मात्रेच्या दहा टक्के खाली असते. पण ‘दहा टक्के कमी’ हा नियम डोळे मिटून लावू नका. एच ११० आणि २९६ सारखी पावडर तक्त्याखाली फार उतरवली तर धोका वाढतो. उत्पादकाने तिथे तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नका असं म्हटलंय. म्हणून टक्क्यांपेक्षा तक्ता पाहावा. ब्रास (काडतुसाचं पितळी कवच) त्याच घडणीची, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) तोच, गोळी तीच. चढवत चढवत नवा लॉट जुन्या मात्रेपर्यंत व्यवस्थित पोचला की मगच तुलना, आणि ती एकाच दिवशी, एक जुनं एक नवं असं आळीपाळीने, म्हणजे नळी तापल्याचा परिणाम दोन्हींवर सारखा पडतो. दहा-दहा बारांची सरासरी काढा. तुमच्या काडतुसांच्या वेगाचं प्रमाण विचलन (बारागणिक होणारा नेहमीचा चढउतार) सेकंदाला १२ फूट असेल तर दहांच्या सरासरीतली अनिश्चितता सुमारे चार फूट, आणि दोन सरासऱ्यांच्या फरकातली साडेपाचच्या आसपास. म्हणजे आठदहा फुटांचा फरक दिसला तर तो योगायोगही असू शकतो. त्यासाठी मात्रेचा स्क्रू पिळत बसू नका. फरक तीसचा असेल तर तो खरा आहे. तीन-तीन बार उडवून ‘हा लॉट गरम आहे’ असं जाहीर करणारे रेंजवर भेटतील, त्यांना हसून दाद द्या आणि पुढे व्हा.

.३०८ विंचेस्टरची सामी या अमेरिकी शस्त्र-दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने ठरवलेली कमाल दाबमर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) आहे. चपटा झालेला प्रायमर, ब्रासच्या बुडावर उमटलेला इजेक्टरचा (रिकामी ब्रास बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा, जड उचलला जाणारा बोल्ट, या खुणा बहुतेकदा त्या मर्यादेपाशी किंवा ती ओलांडल्यावरच दिसतात. त्या नाहीत म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नये. दिसल्या तर मात्र तिथेच थांबावं.

मिसळायचंच नाही का कधी? बाटल्यांवर आणि पुस्तकांत उत्पादक ‘पावडरी मिसळू नका’ असं स्पष्ट छापतात, आणि नवशिक्याने तिथेच थांबावं. काही अनुभवी नेमबाज तरीही एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटचा मोठा साठा हंगामापुरता एकत्र करतात, निदान एकेक पूर्ण पाउंड हाताशी असेल तेव्हा. त्यातही दोन्ही बाटल्या मूळ, दोन्ही लॉट क्रमांक माहीत, दोन्ही वर सांगितलेल्या तपासणीतून गेलेल्या असल्या पाहिजेत. आणि झालेलं मिश्रण हा तिसरा लॉट धरून, तारीख आणि दोन्ही क्रमांक लिहून, सुरुवातीच्या मात्रेपासून पुन्हा चढत जायचं. तिथे निदान काही कमाई तरी असते. उरल्यासुरल्या औंसांसाठी ही उठाठेव करण्यात अर्थ दिसत नाही.

लेबल पुसलेल्या बरणीबद्दल मात्र तडजोड नाही. दाणे पाहून, वास घेऊन, चिमूटभर जाळून पावडर ओळखता येत नाही. रायफलीची आणि पिस्तुलाची पावडर दिसायला एकसारखी असू शकते, आणि पिस्तुलाची जलद पावडर रायफलीच्या मात्रेत गेली तर चेंबर फुटू शकतं. मित्राने कितीही प्रेमाने दिलेली असो. पावडर चांगल्या अवस्थेत असेल आणि थोडी असेल, तर अमेरिकेत पुष्कळ रीलोडर ती हिरवळीवर अगदी विरळ पसरून टाकतात; तिच्यात नायट्रोजन असतो. कुत्री-मुलं तिथे येणार नाहीत एवढं पाहायचं. जास्त असेल तर अग्निशमन दलाला विचारा. उघड्यावर जाळायची तर जागा, वारा आणि तुमच्या काउंटीत त्या दिवशी जाळण्यावर बंदी आहे की नाही, हे सगळं आड येतं. कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीत टाकू नका, आणि बाटलीत असताना तर कधीच पेटवू नका.

आता तुमची ती पन्नास काडतुसं. सध्या ती वेगळ्या डब्यात ठेवा आणि वर ‘मिश्र लॉट, थांबा’ अशी चिठ्ठी लावा. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: त्या दिवशी हॉपरमध्ये शिल्लक होती ती नक्की त्याच नावाची होती, हे तुम्ही कशावरून सांगता? टेबलावर तेव्हा तीच एक बाटली होती, वहीत नोंद आहे, आणि मात्रा तक्त्याच्या मध्यावर आहे, असं ठाम उत्तर येत असेल तर ती सरावाला वापरायला हरकत नाही: एकेक, मॅगझिनमध्ये न भरता, दर बारानंतर ब्रास पाहून, डोळ्यांना चष्मा लावून. ‘बहुतेक तीच असावी’ असं उत्तर येत असेल, किंवा मात्रा कमालीच्या जवळ असेल, तर पन्नासही उकला. काडतुसं भरायच्या प्रेसवर लागणारा कोलेट पुलर (गोळी ओढून काढणारं साधन) असेल तर तासाभराचं काम. ब्रास, प्रायमर आणि गोळी परत वापरता येतील. निघालेली पावडर बाटलीत परत जाणार नाही.

ही चूक घडते ती हॉपरमुळे, आणि टाळायला पैसे लागत नाहीत. टेबलावर एका वेळी एकच बाटली. हॉपर भरला की तीच बाटली त्याच्याशेजारी उभी ठेवायची, किंवा नाव आणि लॉट लिहिलेली चिठ्ठी हॉपरला चिकटवायची. बैठक संपली की उरलेली त्याच बाटलीत परत, त्याच दिवशी. नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर रात्रभर राहिली तर हॉपरचं प्लॅस्टिक खाते आणि ते धुरकट होतं. तुमचा हॉपर तपकिरी पडला असेल तर सवय काय आहे ते तोच सांगतोय. हॉपर उलटा करून, टिचक्या मारून, मात्रा मोजणाऱ्या ड्रमच्या पोकळीतले अडकलेले दाणेही काढायचे. फरशीवर सांडलेली पावडर झाडूने सुपलीत घ्यायची आणि टाकून द्यायची. व्हॅक्युम क्लीनर लावायचा नाही, मोटरच्या ठिणगीने पेट घेईल.

पत्नीच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. पावडर गॅरेजमधून निघायला हवी, पण घराबाहेर नव्हे, घरातल्या थंड, कोरड्या कपाटात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षेच्या संहितेप्रमाणे स्वतःच्या वापराची २० पाउंडापर्यंत पावडर मूळ डब्यांत घरी ठेवता येते. २० ते ५० पाउंडांसाठी निदान एक इंच जाडीच्या लाकडाची पेटी लागते. तुमच्या शहराचे किंवा इमारतीचे नियम याहून कडक असू शकतात. लोखंडी तिजोरीत घट्ट बंद करून ठेवणं सुरक्षित वाटतं, पण आग लागली तर दाब कोंडून तिचाच बॉम्ब होतो. लाकडी पेटी म्हणूनच सांगितली आहे, ती सहज उकलते.

हे सदर भारतातही वाचलं जातं. तिथे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. अमेरिकेत स्वतःसाठी भरायला संघीय परवाना लागत नाही, पण विकण्यासाठी भरायची तर लागतो. तेव्हा ‘पेटीभर मलाही भरून दे, पैसे देतो’ म्हणणाऱ्या मित्राला नकार द्या. आणि एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आधी वकिलाला विचारावं. बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि ते आपल्याला लागू होतात की नाही हे रेंजवरच्या गप्पांतून ठरवायचं नसतं.

पुढच्या खरेदीला एक पाउंडाच्या बाटल्या घेणार असाल तर दुकानदाराला सरळ सांगा, एकाच लॉटच्या तीन द्या. क्रमांक बाटलीवर छापलेला असतो. तो तुमच्यासमोर ताडून देईल, हे रोजचं मागणं आहे. वर्षाला चार पाउंड लागत असतील तर आठ पाउंडाचा मोठा डबा घ्या: दोन वर्षं एकच लॉट, मात्रा एकदाच ठरवायची, आणि तळाशी उरलेले औंस आले तरी एकदाच.